पाळी गेल्यानंतरची खाज धुऊन जात नाही

प्रश्न असा आला आहे : "वय 52. डिचोलीजवळच्या गावात राहते. पाळी जाऊन अडीच वर्षे झाली. गेले सहा-सात महिने खाली खाज येते, आग होते, लघवी झाली की चुरचुरते. फार्मसीतून तीन वेगवेगळ्या ट्यूब आणून लावल्या. चार दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. जाहिरातीतले इंटिमेट वॉश दिवसातून दोनदा वापरते. दुखते म्हणून संबंध जवळजवळ बंदच आहेत. मधुमेहाची गोळी चालू आहे. जाऊबाई म्हणतात, हे वयाचेच, सोसायचे. लाजेमुळे कुणाला दाखवलेले नाही. या जागेची काळजी नेमकी कशी घ्यायची?"

ताई, पहिले काम म्हणजे ते वॉश बंद करा. आजच. उरलेले उत्तर उद्या वाचलेत तरी चालेल, पण ती बाटली आज न्हाणीघरातून बाहेर जाऊ दे.

गोव्यात फोंड्याला स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून बसायला लागून मला 27 वर्षे झाली. तुम्ही लिहिलेली तक्रार मी आठवड्यातून तीन-चारदा तरी ऐकते, पण ती कधी सुरुवातीला येत नाही. बाई येते ती गुडघेदुखी घेऊन. बीपी मोजून होते, कॅल्शियमची गोळी लिहून होते, ती पर्स उचलते, दाराशी जाते आणि तिथून वळून म्हणते, "डॉक्टर, आणखी एक... थंय मात्शी खाज येता." (तिथे थोडी खाज येते.) पूर्वी मी बायका सांगतील तेव्हा ऐकायचे. आता पन्नाशीच्या प्रत्येकीला मीच विचारते, आणि बहुतेक जणींच्या चेहऱ्यावर आधी सुटल्याचा भाव येतो, लाज नंतर.

तुमच्या जाऊबाईंचे निम्मे बरोबर आहे. पाळी गेलेल्या बायकांपैकी साधारण निम्म्या जणींना हा त्रास कमी-जास्त होतो, म्हणजे वयाचा तो आहेच. मोतीबिंदूही वयाचाच असतो, तो काही कुणी सोसत बसत नाही.

आत काय घडते ते थोडे समजून घ्या, म्हणजे पुढचे सगळे पटेल. योनीमार्ग, त्याच्या तोंडाची नाजूक त्वचा, लघवीची नळी आणि मूत्राशयाचा खालचा भाग हे सगळे इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसलेले असतात. पाळी चालू असताना योनीचे अस्तर जाड, ओले, घड्या पडलेले असते. त्याच्या पेशींत ग्लायकोजेन नावाची साखर साठते, त्यावर लॅक्टोबॅसिलस हे जंतू जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. दह्यातल्या जंतूंचे हे भाऊबंद. (म्हणून तिथे दही लावू नका. कुणीतरी सांगतेच, म्हणून आधीच लिहून ठेवते.) त्या आम्लामुळे आतला पीएच (आम्लता मोजायचे माप, आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) 3.8 ते 4.5 राहतो आणि नको ते जंतू तिथे टिकत नाहीत. पाळी गेली की इस्ट्रोजेन आटते, अस्तर पातळ होते, घड्या सपाट होतात, रक्तपुरवठा कमी होतो, लॅक्टोबॅसिलस उपाशी राहून कमी होतात आणि पीएच 5 च्या वर, कधी 6-7 पर्यंत जातो. बाहेरची त्वचाही विरते. जुन्या सुती साडीचा पदर धुऊन धुऊन जाळीदार होतो, तशी. मग अंतर्वस्त्राची शिवण, स्कूटरची तापलेली सीट, स्वतःच्याच लघवीचा थेंब, आधी ज्याचे भानही नसायचे ते सगळे टोचू लागते.

अंगातून वाफा येणे, रात्री घामाने भिजणे हे बहुतेकींचे काही वर्षांत निवळते. हा कोरडेपणा मात्र आपणहून निवळत नाही. उपचार केला नाही तर हळूहळू वाढतोच. आपल्याकडे पाळी सरासरी 46-47 च्या आसपास जाते, पाश्चात्त्य देशांत 51 च्या सुमारास. म्हणजे आपल्या बायकांना या त्वचेबरोबर जगायची वर्षे जास्त. 2014 मध्ये या विकाराचे नाव बदलून 'जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज' असे ठेवले गेले. नाव भलतेच लांब आहे, पण त्यात लघवीचा उल्लेख आला हे बरे झाले. वारंवार लघवीला होणे, घाईची लघवी, सारखे होणारे लघवीचे संसर्ग ही याच झाडाची फळे. वर्षातून चार-पाच वेळा अँटिबायोटिकचा कोर्स घेतलेल्या कितीतरी बायकांना खरी गरज असते ती त्या भागाला थोडे इस्ट्रोजेन परत मिळण्याची.

तुमच्या 'चुरचुरते' या शब्दापाशी मी थांबले. लघवी होत असताना आत, नळीत जळते? की बाहेर पडल्यावर कातडीला लागते तिथे चुरचुरते? पुढच्या वेळी लक्ष देऊन बघा. आत जळत असेल, सारखे जावेसे वाटत असेल, तर संसर्गाची शक्यता, लघवी तपासायची. बाहेर चुरचुरत असेल तर दोष लघवीचा नाही, त्वचेला बारीक चिरा पडल्या आहेत. तुमच्या लिहिण्यावरून मला दुसरे वाटते, पण बघितल्याशिवाय छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

आता धुण्याचे. आपल्या बायकांच्या मनात हे पक्के बसले आहे की खाज म्हणजे अस्वच्छता. खाज आली की जास्त धुवायचे, साबणाने, मग वॉशने, मग कोमट पाण्यात अँटिसेप्टिकचे टोपणभर. साध्या अंगाच्या साबणाचा पीएच 9-10 असतो. आधीच आम्ल गमावलेल्या त्वचेवर तो रोज दोनदा चोळला की उरलेसुरले तेलही जाते. वॉशची बाटली 'पीएच संतुलित' म्हणत असली तरी त्यात सुगंध असतो, फेस आणणारे रसायन असते, आणि मुख्य म्हणजे त्याची गरजच नसते. योनीच्या आत तर कशानेही धुवायचे नाही. बाहेरून दिवसातून एकदा साध्या पाण्याने, हाताने, पुढून मागे, बस्स. खरखरीत टॉवेलने घासून पुसू नका, मऊ जुन्या सुती कपड्याने टिपून घ्या. लघवीनंतर तांब्याभर पाणी हळू ओतले तरी पुरते. जेट स्प्रे वापरत असाल तर जोर कमी ठेवा. इतक्या पातळ त्वचेवर जोराचा फवारा म्हणजे मारच. शौचानंतर मागच्या बाजूला साबण लागला तर लागला, तो पुढे आणू नका.

आणि पावसाळा. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या चार महिन्यांत माझ्याकडे जांघेच्या तक्रारी दुपटीने येतात. त्याचे एक कारण दोरीवर आहे. आपल्या घरांत बायकांची अंतर्वस्त्रे दोरीवर उघडी घालत नाहीत. टॉवेलखाली, परकराखाली, न्हाणीच्या कोपऱ्यात, कुणाला दिसू नयेत अशी. आधीच हवा दमट, त्यात वर झाकण. ती वाळतच नाहीत, तशीच ओलसर अंगावर चढतात. मी बायकांना सांगते, घालण्याआधी आतून गरम इस्त्री फिरवा. सुती, सैल, फिकट रंगाची घ्या, साबणाचा अंश उरणार नाही अशी दोनदा खळबळून काढा, सुगंधी फॅब्रिक कंडिशनर नको. रात्री घातली नाहीत तर आणखी उत्तम. मे महिन्यात समुद्रस्नानाला गेलात तर ओल्या कपड्यांवर भजी खात बसू नका, आधी गोड्या पाण्याने अंग धुऊन कोरडे नेसा.

खोकताना, शिंकताना थेंब गळतो म्हणून दिवसभर पॅड किंवा लायनर लावून फिरणाऱ्या पुष्कळ आहेत. त्याने त्वचा सतत ओली आणि तापलेली राहते. गळतीवर ओटीपोटाच्या तळाच्या, म्हणजे लघवी रोखून धरणाऱ्या स्नायूंचे व्यायाम हा खरा उपाय. तेवढ्यात लावावाच लागला तर बिनसुगंधी, आणि ओला झाला की लगेच बदला. केस काढायची मलमे आणि ब्लेड नकोत. फार वाढले तर कात्रीने कापा. निसर्गाने तिथे केस ठेवलेत ते घर्षण कमी करायला.

आता त्या ट्यूबा. मागच्या श्रावणात एक बाई आली, वाळपईकडची, तुमच्याच वयाची. सोबत प्लास्टिकची पिशवी, त्यात पाच ट्यूब, तीन अर्ध्या, दोन पिळून चपट्या. मी त्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि चष्मा चढवून बारीक अक्षरे वाचायला लागले. क्लोबेटासॉल, ओफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन, एकाच ट्यूबमध्ये चारही. दुसरीत बेक्लोमेटासोन, क्लोट्रिमाझोल, निओमायसिन. नावे पाच, मसाला थोड्याफार फरकाने तोच. स्टेरॉइड, बुरशीचे औषध, जंतूंचे औषध, सगळे एकत्र. खाज कशानेही असो, स्टेरॉइडने दोन दिवसांत थांबते, म्हणून काउंटरवरच्या पोराचे नाव होते आणि बाई परत तीच ट्यूब मागते. पण जांघेत बुरशी असेल तर स्टेरॉइडखाली ती दबून पसरते, तिची कड पुसली जाते, मग आम्हालाही चटकन ओळखता येत नाही. आणि कातडी आधीच इस्ट्रोजेनविना विरलेली असेल तर वरून असले मिश्रण महिनोन्महिने चोळल्याने ती आणखी पातळ होते. तुम्ही लिहिले आहे, "चार दिवस बरे वाटते, पुन्हा तेच". हे वाक्य म्हणजे माझ्या लेखी त्या ट्यूबांची सहीच.

लक्षात घ्या, जांघ आणि योनीचे तोंड यांत वीतभरही अंतर नाही, पण त्यांचे हवामान वेगळे. पावसाळ्यात जांघेत घाम, ओल, बुरशी, आणि बाजूलाच आत कडकडीत कोरड. एका जागेचे औषध दुसरीला लावले की फजिती ठरलेली. म्हणून 'खाली खाज येते' एवढ्यावर भागत नाही, बोट ठेवून सांगावे लागते. जांघेच्या घडीत? मोठ्या ओठांवर, केसांच्या भागात? आतल्या नाजूक भागात? की मागे, गुदद्वाराभोवती?

ते बोट ठेवता यावे म्हणून आरसा घ्या. पन्नास वर्षे ज्या अंगाबरोबर काढली ते अंग बहुतेकींनी एकदाही पाहिलेले नसते. दुपारी घरात कुणी नसताना, खिडकीच्या उजेडात, पलंगाच्या कडेला पाय दुमडून बसा, समोर हातआरसा धरा, बोटांनी ओठ बाजूला करा. पहिल्यांदा विचित्र वाटते. दुसऱ्यांदा नाही. पाळी गेल्यावर त्वचा फिकट, थोडी कोरडी, आतले ओठ आधीपेक्षा लहान झालेले दिसणे अपेक्षित आहे. पण पांढरेफटक, चकचकीत डाग, सिगारेटच्या कागदासारखी चुरगळलेली त्वचा, आतले ओठ जवळजवळ नाहीसे होऊन बाजूला चिकटलेले, वरच्या टोकाच्या दाण्यावरची (क्लिटोरिसवरची) त्वचा मिटून गेलेली, आणि तो पांढरेपणा पुढून मागे गुदद्वाराभोवती इंग्रजी आठच्या आकारात पसरलेला असे दिसले तर तो लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा आजार असू शकतो. याची खाज रात्री फार असते, झोपेतून उठवते.

या आजारावर मी जरा जास्त लिहिते, कारण तो सापडायला आपल्याकडे वर्षेच्या वर्षे लागतात. बाई बुरशीची औषधे घेत राहते आणि आत वण पडत जातात. हा संसर्ग नाही, नवऱ्याकडून आलेला नाही, अस्वच्छतेने झालेला नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उठते असा हा प्रकार मानला जातो, थायरॉइडचे काही विकार असतात तसा. यावरचा पहिला उपचार ऐकून तुम्ही हसाल : क्लोबेटासॉल 0.05 टक्के. होय, ज्याच्या नावाने मी वर शंख केला तेच स्टेरॉइड. पण एकटे, मिश्रणाशिवाय, मलमाच्या रूपात, मोजून, नेमक्या पांढऱ्या भागावर. पद्धत साधारण अशी : महिनाभर रोज एकदा, दुसऱ्या महिन्यात एक दिवसाआड, तिसऱ्यात आठवड्यातून दोनदा, आणि पुढे गरजेप्रमाणे कमी मात्रेत चालू. तेच औषध एकीला बिघडवते आणि दुसरीला वाचवते, फरक फक्त कुणी पाहून दिले याचा. 'वाचवते' म्हटले तेही उगाच नाही. हा आजार तसाच सोडला तर शंभरात चार-पाच जणींपर्यंत त्या जागी कर्करोग होऊ शकतो. नियमित उपचाराने तो धोका बराच खाली येतो. म्हणून अशा बायकांना मी वर्षातून एकदा तरी बोलावतेच, खाज नसली तरी.

तुमची 'मधुमेहाची गोळी' कोणती, ते तुम्ही लिहिले नाही, आणि मला तेच हवे आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघाले, 26.4 टक्के. चारांत एक. पाळी गेलेल्या बाईला, ती हार्मोन घेत नसेल आणि साखर नसेल, तर योनीत यीस्टचा (एक प्रकारच्या बुरशीचा) संसर्ग सहसा होत नाही. म्हणजे साठीतल्या बाईला घट्ट दह्यासारखा स्राव आणि लाल, सुजलेली त्वचा दिसली की मी आधी रक्तातली साखर बघते. दुसरे असे की डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नावांच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्या चांगल्या, पण गोड लघवी त्वचेला लागून यीस्ट वाढायला जागा मिळते. तुमच्या पाकिटावर यांपैकी नाव असेल तर गोळी आपल्या मनाने थांबवू नका. साखरेच्या डॉक्टरांना खाजेचे सांगा, बस्स. त्यांच्यापाशी आपण 'थंय'चे बोलत नाही आणि ते विचारत नाहीत, तिथे सगळे अडते.

आता कोरड्या त्वचेला द्यायचे काय? दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्या फार्मसीतही एकच समजून देतात. मॉइश्चरायझर हा नेमाने, आठवड्यातून दोन-तीनदा, संबंध असोत-नसोत वापरायचा. तो अस्तराला ओल धरून ठेवायला मदत करतो. हायालुरोनिक आम्लाचे किंवा पॉलिकार्बोफिलचे जेल मिळतात. ल्युब्रिकंट हे त्या वेळेपुरते, घर्षण कमी करायला. चव, वास, 'गरम वाटण्याचा परिणाम' असे काही लिहिलेले घेऊ नका, खूप ग्लिसरीनवाले चिकट जेलही काहींना झोंबते. बाहेरच्या त्वचेला साधे, बिनवासाचे पेट्रोलियम जेली रात्री आणि लांब स्कूटर चालवण्याआधी बोटाच्या टोकाएवढे पुसटसे लावा. लघवी सरळ त्वचेला लागत नाही आणि चुरचुर तिथल्या तिथे कमी होते.

खोबरेल तेल? हे न विचारता कुठलीच गोंयकार बाई दवाखान्याबाहेर पडत नाही. घाण्याचे, ताजे, काही न मिसळलेले खोबरेल बाहेरच्या त्वचेला लावायला माझी हरकत नाही, माझ्या कितीतरी बायकांना त्याने बरे वाटते. पण जांघेत घाम आणि बुरशी असताना तिथे तेल थापू नका. आणि कंडोम वापरत असाल तर तेल पूर्ण वर्ज्य, लॅटेक्स फाटते. पाळी गेल्यावर कंडोम कशाला, असे वाटेल. पन्नाशीनंतर शेवटच्या पाळीपासून एक वर्ष आणि पन्नाशीआधी गेली असेल तर दोन वर्षे गर्भनिरोधन चालू ठेवावे असा नियम आहे. तुम्ही त्यातून सुटलात. हळद, कडुलिंबाचा काढा, तुरटीचे पाणी, टाल्कम पावडर यांतले काहीही नको. तुरटी तर घट्ट होते म्हणून वापरतात. तिने फक्त आणखी सुकते.

हे सगळे करून सहा-आठ आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा पहिल्यापासूनच त्रास जास्त असेल, तर मी ज्या औषधावर येते ते म्हणजे योनीत लावायचे इस्ट्रोजेनचे क्रीम. आपल्याकडे एस्ट्रिऑलचे मिळते, एका ग्रॅमला एक मिलिग्रॅम. रात्री झोपताना अर्धा ग्रॅम, पहिले दोन-तीन आठवडे रोज, नंतर आठवड्यातून दोनदाच. अर्धा ग्रॅम म्हणजे साधारण वाटाण्याएवढे. अ‍ॅप्लिकेटर टोचत असेल तर बोटाने लावले तरी चालते, आणि थोडे तोंडाशी, लघवीच्या जागेभोवतीही लागू दे, कारण दुखते बहुधा तिथेच. पहिला आठवडा थोडे झोंबते, पातळ त्वचेला क्रीमही बोचते. तिथे निम्म्या जणी सोडून देतात. सोडू नका. फरक तीन-चार आठवड्यांत कळायला लागतो, पूर्ण गुण यायला आठ ते बारा आठवडे. बंद केले की कोरडेपणा हळूहळू परत येतो, म्हणून बरे वाटले तरी आठवड्याचे दोन दिवस ठरवून ठेवा. माझ्याकडच्या एक बाई सोमवारी आणि गुरुवारी लावतात. उपास लक्षात राहतो तसे हेही राहते, म्हणतात.

मग नातीने किंवा मुलाने डब्यातला कागद वाचला की फोन येतो, "यात कॅन्सर लिहिलेय." ही भीती 2002 पासूनची. त्या वर्षी अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र असलेल्या तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढलेला दिसला, आणि तेव्हापासून इस्ट्रोजेन म्हटले की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. पण ती गोळी पूर्ण शरीरात जाणारी होती. वाटाण्याएवढ्या क्रीममधून रक्तात जाणारी मात्रा इतकी कमी की हार्मोनची पातळी पाळी गेलेल्या बाईच्या नेहमीच्या पातळीतच राहते. त्याबरोबर गर्भाशयासाठी प्रोजेस्टेरॉनची गोळीही लागत नाही. अपवाद आहेत. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, विशेषतः लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल या इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी बिनहार्मोनचे सगळे उपाय, आणि क्रीमचा निर्णय कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच. न तपासलेला रक्तस्राव असेल तर तो तपासेपर्यंत क्रीम नाही.

लेझरबद्दल तुम्ही विचारले नाही, पण जाहिरात दिसेल म्हणून. 'योनी पुन्हा तरुण करणारे' म्हणून ते महागात विकले जाते. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2018 मध्येच अशा जाहिरातींविरुद्ध इशारा दिला होता. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत निम्म्या बायकांना खरा लेझर दिला, निम्म्यांना नुसते यंत्र लावल्याचे नाटक केले. वर्षाने दोन्ही गटांत फरक नव्हता. तेवढ्या पैशांत घरचे छप्पर शाकारून घ्या.

संबंधांचे. दुखते म्हणून टाळता, टाळले की पुढच्या वेळी भीतीने अंग आवळते, आवळल्याने जास्त दुखते. हे चक्र क्रीमने एकट्याने सुटत नाही. क्रीमचे दोन-तीन महिने होईपर्यंत आत काही नको, असे यजमानांना स्पष्ट सांगा. जवळ बसणे, हात फिरवणे याला कुणी बंदी केलेली नाही. मग ल्युब्रिकंट घेऊन, सावकाश, थांबायचे तुम्ही म्हणाल तेव्हा. बहुतेक नवऱ्यांना बायको आपल्यालाच टाळते असे वाटत असते. त्वचा दुखते हे कळल्यावर ते नरमतात. जे नरमत नाहीत त्यांना माझ्याकडे घेऊन या, मी बोलते. आणि एक सांगून ठेवते, पती वारलेल्या, एकट्या राहणाऱ्या बायका म्हणतात, "आता मला कशाला ते क्रीम?" बसताना, चालताना, लघवी करताना जे दुखते ते स्वतःचेच असते. उपचारही स्वतःसाठीच.

कशासाठी थांबायचे नाही, तेही लिहिते. पाळी जाऊन वर्ष झाल्यानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला, नुसता गुलाबी, एकदाच, तरी दाखवायचे. बहुतेक वेळा कोरड्या अस्तरातलाच असतो, पण सोनोग्राफीत गर्भाशयाचे अस्तर 4 मिलिमीटरपेक्षा जाड निघाले तर तुकडा तपासावा लागतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, नवा काळा डाग, त्वचेचा जाड खडबडीत भाग, दुर्गंधीयुक्त पाणचट स्राव, यांतले काहीही असेल तर चवथ होऊ दे, लग्न होऊ दे म्हणू नका.

मीही 56 ची आहे आणि माझ्या कपाटात त्या इस्ट्रोजेन क्रीमची ट्यूब आहे. पहिल्यांदा स्वतःसाठी घ्यायला गेले तेव्हा चिठ्ठी मीच लिहिलेली होती, तरी फार्मसीत गर्दी ओसरेपर्यंत मी खोकल्याच्या औषधांकडे बघत उभी राहिले. त्यामुळे तुमच्या लाजेला मी नावे ठेवणार नाही.

बाईच डॉक्टर हवी असेल तर तसे सांगून वेळ घ्या. तालुक्याच्या सरकारी इस्पितळात दाखवले तरी उत्तम, आणि बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) स्त्रीरोग आणि त्वचारोग दोन्ही विभाग आहेत. तपासणी दहा मिनिटांची. कोरड असेल तर लहान आकाराचा स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून बघायचे उपकरण) मागा, 'दुखले तर थांबा' हे आधीच सांगा, कुणी रागावत नाही. लायकेनची शंका आली तर जागा बधिर करून त्वचेचा तांदळाएवढा तुकडा काढतील.

जायच्या आधी दोन दिवस तिथे काही लावू नका, आणि त्या सकाळी मुद्दाम जास्त धुऊनही जाऊ नका. आम्हाला ती आहे तशी बघायची असते. लावलेल्या तीनही ट्यूब, संपलेल्यासुद्धा, ते वॉश आणि साखरेच्या गोळ्यांचे पाकीट एका पिशवीत घाला. पिशवी टेबलावर ठेवलीत की पहिले वाक्य तुम्हाला बोलावे लागत नाही.